मधल्या धारेच्या बाई

ज्याला काहीतरी होतंय अशा माणसाचं बाईंना फारसं कौतुक नव्हतं. खोकला, ताप, खरूज, विंचू, कोयत्याने कापलेला हात, सगळं त्या नीट बघत, औषध देत आणि "चल, पुढचा" म्हणून मोकळ्या होत. पण एखादी पोटुशी बाई समोर बसली आणि "काय होतंय?" असं विचारल्यावर "काय नाय" म्हणाली, की बाई खुर्ची पुढे ओढायच्या.

"काही नाही? वा! मग तुलाच आधी बघते."

आणि तिच्या हातात बाटली द्यायच्या.

मुरबाड तालुक्यात, सिद्धगडच्या डोंगराच्या पायथ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स होते आणि बाई तिथल्या डॉक्टर. नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. त्याआधी बाई शहापूर तालुक्यात होत्या, आणि माझं माहेर तिकडचंच, आटगावजवळचं. नेमणुकीचा कागद घेऊन मी घरी गेले, कोणत्या डॉक्टरांच्या हाताखाली जायचंय ते सांगितलं, तशी आई भाकरी थापता थापता थांबली.

"मुताच्या बाई? अगो, तुझे मामीला भाताचे रोपात जाऊन गाठलीवती त्यांनी. मामी म्हनं मला काय नाय झालेला, मी कशाला येऊ दवाखान्यात? तं ह्या बाटली घेऊन बांधावर हुभ्या. दिल्याबिगर हालल्या नायत."

ही माझी बाईंशी पहिली ओळख. पहिल्याच दिवशी मी घाबरत घाबरत त्यांना सांगितलं, की लोक तुम्हाला असं असं म्हणतात. बाई खुश झाल्या. "म्हणू देत. नावात काम आलं की जाहिरात करावी लागत नाही," म्हणाल्या. इकडे मुरबाडकडच्या बायकांनी मात्र त्यांचं जरा बरं नाव ठेवलं होतं, मधल्या धारेच्या बाई.

त्याचं कारण बाईंचा तांब्या. दवाखान्यातल्या खोलीत बायका तोंड उघडत नाहीत, म्हणून गरोदर बायांच्या दिवशी त्या बाहेर जांभळीखाली टेबल मांडायला लावत. अंगावर साडी, पायात शाळेतल्या पोरांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि ऊन असो नसो, डोक्यावर पुरुषी काळी छत्री. सगळ्या जमल्या की छत्री माझ्या हातात देऊन त्या तांब्या उचलायच्या आणि पाण्याची धार सोडायच्या. "ही पहिली धार धरतीला. ही मधली धार बाटलीला. आणि ही उरलेली परत धरतीला. कळलं? आधी स्वच्छ धुवायचं. पहिल्या धारेत बाहेरची घाण येते, तिचा मला उपयोग नाही. मला मधली पाहिजे." हे त्या ज्या आवाजात सांगत तो आवाज रस्त्यावरच्या एसटीतही ऐकू जात असावा. कारण जाणारी माणसं हमखास वळून बघत. बाई त्यांनाही हात करून बोलवायच्या. "या, तुम्हीपण बघा. येणारं मूल तुमच्याच घरात येणार आहे ना?"

माणसं मान खाली घालून पळायची.

एवढा आटापिटा कशासाठी, ते त्या एकाच उदाहरणाने पटवायच्या. धान्याच्या कणगीत किडा शिरला तर कणगी ओरडते का? हात घालून बघावं लागतं. तसं लघवीच्या पिशवीत जंतू येऊन बसतात. जळजळ नाही, ताप नाही, बाईला पत्ताच नाही. पण पोटुशी असली की तेच जंतू वर मूत्रपिंडाकडे चढू शकतात, मग हुडहुडी भरून ताप येतो, कधी मूल दिवस भरायच्या आधीच बाहेर येतं. "ज्याला दुखतं तो आपल्या पायांनी येतो," त्या मला सांगत, "ज्याला दुखत नाही त्याच्या मागे आपण जायचं. डॉक्टरकी ती. बाकी नुसतं दुकान."

स्वतःची स्तुती करायला बाईंना कोणी लागत नसे. "माझ्यासारखी डॉक्टर या तालुक्याला परत मिळायची नाही," हे त्या इतक्या सहज म्हणत की ऐकणारा मान डोलावून मोकळा होई. वरिष्ठ तपासणीला आले तर त्यांच्याही पुढे तेच. एका साहेबांनी विचारलं, "बाई, काही तक्रारच नाही अशा बायकांवर एवढा वेळ का घालवता?" बाईंनी त्यांच्या हातात बाटली दिली. "तुम्हाला काही होतंय का, साहेब?" साहेब म्हणाले, नाही. "मग जाऊन या," बाई म्हणाल्या. साहेब लालबुंद झाले. मला हसू आवरेना म्हणून मी आत जाऊन कपाट आवरायला लागले.

पाण्यावरून त्यांचं गावोगाव भांडण. आमच्या बायका दिवसभर थेंबभर पाणी प्यायच्या नाहीत. प्यायलं तर जायचं कुठे, अंधार पडल्याशिवाय? तहान मारायची आणि लघवी दाबायची, हेच वळण. बाई त्यावरून बायकांना कधीच बोलल्या नाहीत. त्या बोलायच्या पुरुषांना. एका वाडीत तर समाजमंदिराच्या पायरीवर बसल्या आणि जाहीर केलं, की बायकांसाठी आडोसा उभा राहिल्याशिवाय एकाही पुरुषाचा साधा खोकला बघणार नाही. माणसं कुरकुरली, मग रानात गेली आणि कारवीच्या काठ्या घेऊन आली. कूड उभा राहिला. बाई आत जाऊन बघून आल्या, "दार जरा मोठं करा, आठव्या महिन्याची बाई मावली पाहिजे," म्हणाल्या आणि मगच खोकले बघायला बसल्या. पुढे आजूबाजूच्या वाड्यांतून तसे कूड आपोआप उभे राहिले. बाई येणार म्हटलं की माणसं आधीच कारवी तोडायला जायची.

लघवीत जंतू आहेत की नाहीत ते आमच्या दवाखान्यात कळायची सोय नव्हती. त्यासाठी लॅबमध्ये ती उबेत ठेवून जंतू वाढवून बघावे लागतात. कल्याणला बाईंच्या कॉलेजातल्या मैत्रिणीची लॅब होती. बाईंनी तिच्या मागे लागून लागून तिच्याकडून होकार काढला. आता बाटल्या तिथवर गारच पोचायला हव्या, नाहीतर जंतू वाटेतच वाढून निकाल चुकायचा. मुरबाडच्या बाजारातल्या मासेवालीकडून बाईंनी थर्माकोलचा खोका मिळवला, बर्फही तिचाच. तो खोका मांडीवर घेऊन एसटीने कल्याणला जायचं काम माझं. खोक्याचा वास काही केल्या जात नव्हता. शेजारची बाई हमखास विचारायची, "काय हाय गो, कोलंबी का?" एकदा बाई बरोबर होत्या. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "लघवी आहे. तुमच्या गावची पण आहे यात." त्या दिवशी कल्याणपर्यंत आम्हाला दोघींना अख्खी सीट मिळाली.

पण बाईंची खरी ओळख पटली ती वरच्या वाडीच्या बाटल्यांवरून.

वरची वाडी म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची, जंगलातली. तिथली सुईण बुधीआजी. वाडीतलं प्रत्येक मूल तिच्या हातावर आलेलं, त्यामुळे तिचा शब्द म्हणजे शब्द. तिची सून चांगुणा तिसऱ्यांदा पोटुशी होती. आधीची दोन्ही मुलं सातव्यातच आली आणि गेली. आता चौथा महिना सरून पाचवा लागला होता. बाईंनी विचारलं, "चांगुणा, काय होतंय?" ती खाली बघत म्हणाली, "काय नाय." बाईंनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला पाठ झालं होतं. हिचं सातव्याच्या आत काय ते कळलं पाहिजे, असं ते बघणं होतं.

वाडीतल्या सगळ्या पोटुश्यांसाठी बाटल्या दिल्या. बुधीआजीने आपण होऊन जबाबदारी घेतली आणि दुसऱ्या सकाळी टोपलीत घालून सगळ्या बाटल्या खाली आणून दिल्या, भरलेल्या, झाकणं घट्ट लावलेल्या. कल्याणला पाठवायच्या आधी बाई प्रत्येक बाटलीतली साखर इथेच तपासत. निळं औषध असतं, त्यात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. साखर असली तर निळा रंग जाऊन विटकरी होतो. पहिली नळी विटकरी झाली. बाई "अरेच्चा" म्हणाल्या. दुसरी विटकरी. तिसरी विटकरी. त्यापुढच्याही सगळ्या, एकजात कौलाच्या रंगाच्या.

"सिस्टर, अख्ख्या वाडीला एका रात्रीत साखर झाली की काय गं?"

आणि बाई हसायला लागल्या. चष्मा काढून डोळे पुसले, परत हसल्या. मग एकदम थांबल्या. या सगळ्या बाटल्या एकाच बाईच्या होत्या. म्हणजे चांगुणाच्या नावाची बाटलीही चांगुणाची नव्हती आणि तिच्या पोटाचं आम्हाला काहीच कळलेलं नव्हतं. "चल," बाई म्हणाल्या आणि छत्री उचलली.

चढ चढताना मी मनात बुधीआजीसाठी देवाचा धावा करत होते. बाईंनी चिडून भिरकावलेल्या वस्तू मी गोळा केलेल्या होत्या, त्यामुळे आता काय होणार याचा मला अंदाज होता. बुधीआजी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. आम्हाला बघून ती उभी राहिली नाही, हातही थांबवला नाही.

"बाटल्या कोणी भरल्या?" बाईंनी विचारलं.

"मी."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"एवढी लघवी आणलीस कुठून, म्हातारे?"

"तहान लई लागते हल्ली. पानी पितंय नि जातंय. काय नाय, वय झालं."

"त्याचं मग बघते," बाई म्हणाल्या. "आधी हे सांग, का भरल्यास?"

बुधीआजीने फुलं बाजूला सारली. "बाई, पोटुशीचे अंगातलं काय बी वाडीचे शिवेभायेर जाऊ नाय. कोनाचे हाती लागला, कोनी करनी केली, तं पोटातला जातंय. माझे सुनेचा दोनदा गेला. तुमी तं बाटल्या भरून पार कल्यानला नेता, तिकडं कोन हाय, कसा हाय, आमाला काय ठावं? मी म्हटला, माझं न्या. मी म्हातारी. लागली करनी तं मला लागंल."

मी डोळे मिटून घेतले. आता फुटणार. पण आवाजच आला नाही, म्हणून उघडले, तर बाई पांढरे बूट घालून तशाच मातीत खाली बसल्या होत्या, आजीच्या समोर, मोहाच्या फुलांच्या कडेला.

"म्हणजे वाडीतल्या सगळ्या पोरींच्या वाटची करणी तू एकटीने अंगावर घेतलीस?"

"मंग कोन घेल?"

बाईंनी माझ्याकडे हात केला. "सिस्टर, एक बाटली दे."

मी दिली. बाई उठल्या आणि कारवीच्या कुडाआड गेल्या. परत आल्या त्या भरलेली बाटली घेऊन. ती बुधीआजीपुढे धरली.

"ही माझी. मधली धार आहे. ही तुझ्या घरात ठेव. तुमच्या पोरींचं माझ्याकडे असणार, तर माझंही तुझ्याकडे असू दे. माझ्या हातून तुमच्या एकीचंही वाकडं झालं, तर हिच्यावर तुला काय करायचं ते कर."

वाडीतल्या बायका दारादारातून बघत होत्या. बुधीआजीने हात लुगड्याला पुसले आणि दोन्ही हातांनी बाटली घेतली. उन्हात धरून बघितली. मग मान न वळवता हाक मारली, "चांगुणा, जा गो. मधली धार भर."

मी खूप डॉक्टर बघितले. हुशार बघितले, प्रेमळ बघितले. पण त्या अंगणात हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी धरून उभी असताना मला जेवढा अभिमान वाटला तेवढा परत कधी वाटला नाही. या बाईची मी नर्स आहे, असं वाडीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगावंसं वाटत होतं.

कल्याणच्या मैत्रिणीला हे कळलं तेव्हा ती बाईंवर उखडली. तू शिकलेली बाई, अंधश्रद्धेला खतपाणी घालतेस, म्हणाली. बाई म्हणाल्या, "मी करणी मानली नाही. मी जामीन दिला."

चांगुणाच्या बाटलीत जंतू निघाले, भरपूर. तिला गोळ्या सुरू झाल्या. ती म्हणायची, "मला काय होतच नाय, तं गोळ्या कशाला?" त्यावर बुधीआजी ओरडायची, "होत नाय म्हनून तं!" आणि सकाळ-संध्याकाळ समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची. आजीची साखरही बाईंनी तपासली आणि तिचा गुळाचा चहा बंद केला. त्यावरून आजीने बाईंना मनापासून शिव्या दिल्या, पण चहा सोडला. गोळ्या संपल्यावर चांगुणाची बाटली परत कल्याणला गेली. स्वच्छ आली. पुढेही बाईंनी तिला सोडलं नाही, अधूनमधून बाटली चालूच.

सातवा लागला तशी बाईंची बडबड कमी झाली. वाडीवरून कोणी उतरताना दिसलं की बाई हातातलं काम ठेवून दारात येत. माणूस मीठ न्यायला आलाय असं कळलं की परत आत जात. सातवा गेला. आठवा गेला. गौरी-गणपतीच्या सुमाराला, दिवस पुरे भरून, बुधीआजी चांगुणाला घेऊन आपल्या पायांनी खाली आली. मुलगी झाली. चांगली ठणठणीत, आणि आवाज असा की मी म्हटलं, ही बाईंवर गेली.

आता बाई काय काय म्हणतील याची आम्ही वाट बघत होतो. तालुक्याला परत न मिळणारी डॉक्टर वगैरे. बाईंनी पोर हातात घेतली आणि म्हणाल्या, "गोळ्यांनीच झालं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, मीपण नाही. पण आपण बघितलं. न बघता सोडलं नाही." आणि पोर बुधीआजीच्या मांडीवर दिली. त्या दिवशी त्या स्वतःबद्दल एक शब्दही चांगला बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळी कसर भरून काढली, ते वेगळं.

ती पोर शाळेत जायला लागली तेव्हा बाईंची बदली झाली, लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. निरोपाला दवाखान्यासमोर मांडव घातला होता. भाषणं झाली, हार झाले. बाई हारात बुडाल्या होत्या आणि बोलणाऱ्यांच्या भाषणात स्वतःबद्दलच्या सुधारणा सुचवत होत्या. वरची वाडी सगळी उतरली होती. बुधीआजी नातीचं बोट धरून पुढे आली, तशी बाई ओरडल्या, "आजी, माझी बाटली कुठाय? परत दे. जाते मी आता."

"घरात हाय. माळ्यावर," आजी म्हणाली. "नाय देत."

"का? वाकडं झालं का कोणाचं?"

"नाय झाला. पन आमची सगल्यांची तुमी तपासलात. तुमची कोनी तपासली? मी कवा बी इचारलं, बाई, तुमी बऱ्या हाव ना, तं तुमी म्हनता, मला काय झालंय? तिकडं जाल. ज्याला काय होत नाय त्याचे मागं जावा लागतं म्हनता ना? तुमचे मागं कोन येल?"

बाईंनी गळ्यातले हार काढून टेबलावर ठेवले, एक कानाशी अडकून राहिला तो तसाच, आणि माझ्याकडे हात केला.

"सिस्टर, बाटली दे."

जीपचा ड्रायव्हर थांबला, साहेब लोक थांबले, सगळे थांबले. बाई आत जाऊन आल्या आणि भरलेली बाटली बुधीआजीच्या हातात दिली. आजीने ती उन्हात धरून बघितली, नातीलाही दाखवली आणि माझ्या हातात आणून ठेवली. "तपास गो."

बाटलीवर चिठ्ठी लावताना मी बाईंना विचारलं, कारण आमच्या दवाखान्यात ते विचारल्याशिवाय बाटली कोणाचीच पुढे जात नसे. "काय होतंय?"

बाईंनी डोळे पुसले आणि बुधीआजीकडे बघून म्हणाल्या, "काय नाय."